खापरी नळाचा खार

दगाआबाने एकेचाळीस वर्षं सुरतेच्या डाईंग मिलांमध्ये बॉयलरच्या नळ्यांतला खार काढला. बाकीचे लोक तेजाब ओतून मोकळे व्हायचे. दगा मात्र लाकडी हातोडीने हलकं ठोकत जायचा आणि खाराची अख्खी साल, न मोडता, बाहेर ओढायचा. काम सुटलं तरी हाताची खोड सुटली नाही. सुरतेतल्याच डिंडोली भागातल्या त्याच्या गल्लीत कुणाच्या नळाला खार धरायची छाती नव्हती.

आणि रविवारी सकाळी बघतो तर काय, त्याच्याच मोरीजवळ हातभर लांबीचा एक खापराचा नळ, आत दोन बोटं खार!

"दगाच्या घरात?" तो स्वतःशीच म्हणाला आणि हातोडी घेऊन बसला. तासाभरात नळ लख्ख. साल एकाच तुकड्यात निघाली, ती त्याने मोरीच्या कोपऱ्यात टाकली.

तेवढ्यात कॉलेजात भूशास्त्र शिकणारी नात योगिता बाहेरून आली.

"आबा, यातला खार कुठंय?"

"काढला! बघ, कुंभाराने आत्ताच दिल्यासारखा झालाय."

"आबा, नळ कुणाला पाहिजे होता? खारच पाहिजे होता! तापीच्या वरच्या अंगाला जुन्या भुयारी पाटातला तुकडा आहे तो. दरवर्षीच्या पाण्याचा एकेक थर. शेकडो वर्षांचा पाऊस त्यात कळतो. सरांनी एकच तुकडा माझ्या भरवशावर दिला, उद्या दाखवायचाय. काय सांगू, आमच्या आबांनी पाऊस ठोकून काढला?"

दगाचं तोंड एवढंसं झालं. तो मोरीकडे धावला. कोपरा रिकामा! कचऱ्याची गाडी तर नुकतीच घंटी वाजवत गेली होती.

तेवढ्यात ओट्यावरून खसखस आवाज आला. त्याची बायको मालतीबाई पाय पसरून टाच घासत होती.

"अहो, ही वजरी कोठून आणली? देखा, मनी टाच कशी मऊ व्हई गई!"

"आजी! थांब!"

योगिताने साल हिसकावून घेतली, पाण्याने धुतली आणि डोळ्यांजवळ धरून बघितली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आजीने नळाच्या तुटक्या टोकाकडची कडच घासलीय. थर कांद्यासारखे दिसताहेत. सर तरी आधी कड घासूनच बघणार होते."

दगाचा जीव भांड्यात पडला. त्याने चष्मा लावून कड उन्हात धरली.

"ही काळी रेघ पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची. पांढरा पट्टा उन्हाळ्याचा. मिलमध्येही असाच यायचा. आणि हे बघ, इथं तीन काळ्या रेघा केसाएवढ्या. तीन वर्षं पाऊस नावालाच पडला असणार."

"आबा, हळू सांगा, लिहून घेते!"

दगा सांगत गेला. मधेच थांबून म्हणाला, "एकेचाळीस वर्षं हे मी गोणीत भरून फेकलं, पोरी. कुणी सांगितलंच नाही."

मालतीबाई पदराला हात पुसत उठली. "योगिता, तुझ्या सरांचं बघून झालं की वजरी परत आण हो. मनी दुसरी टाच बाकी शे."