एकदाच विचारायचं

मी मलकापुरातल्या एका संस्थेत जर्मन लोकांची संस्कृती शिकवतो. जर्मनीला मी गेलेलो नाही. पश्चिमेला माझी धाव नाशिकपर्यंत झालेली आहे, तीही एका लग्नाच्या गाडीत, मागच्या सीटवर. त्याआधी विनाअनुदानित कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. तिथे पगार येत नव्हता, इथे येतो; कधी येतो ते विचारू नका. पुण्याच्या एका कंपनीनं पुस्तिका पाठवली आहे, तीत आहे ते मी जर्मनीत नोकरीला निघालेल्या नर्सिंगच्या पोरींना सांगतो. तिकडे कुणाचं वय विचारायचं नाही. पगार विचारायचा नाही. 'लग्न झालं का, पोरं किती, मग एकच कसं' ही गाडी तर सुरूच करायची नाही. बोलायचंच असेल तर हवामानावर बोलायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माणूस एकदा 'नाही' म्हणाला की ते नाहीच असतं. एकदाच विचारायचं.

हा शेवटचा नियम शिकवताना माझा घसा बसतो. आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसतं खाकरणं. दुसरं रीतीचं. तिसऱ्या 'नको'नंतर माणूस हात धुतो आणि चार पोळ्या खातो. पहिल्याच 'नको'वर चहा मागं घेणाऱ्या घरात पोरगी द्यावी की नाही, यावर लोक गंभीरपणे विचार करतात.

पुष्पांजली याच नियमावर एकदा नापास झाली होती. धामणगाव बढ्याची पोरगी, मलकापुरात एका दवाखान्यात नर्स. जर्मन भाषेची परीक्षा तिनं पहिल्या दमात काढली. तिकडच्या एका वृद्धाश्रमात तिची नोकरी ठरल्यासारखी होती. उरली होती फक्त कंपनीची 'परसंस्कृती संवेदनशीलता चाचणी'. पहिल्या फेरीत जर्मन म्हातारा मी झालो होतो. गळ्यात मफलर, महिना एप्रिल. तिनं बिस्किट पुढं केलं. मी नको म्हणालो.

"आजोबा, एकच."

"नको."

"बरं, अर्धं. माझ्यासाठी."

मी दोन खाल्ली. हे सगळं कंपनीच्या मॅडम पुण्यात बसून भिंतीवरच्या पडद्यातून बघत होत्या. त्यांनी शेरा दिला, 'आक्रमक'.

दुसरी फेरी शेवटची. तीही गेली तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. आणि ही फेरी उमेदवाराच्या घरी होणार होती, कारण कंपनीच्या मते माणूस घरात खरा दिसतो. कंपनीतल्या लोकांना घरं नसावीत.

मॅडम रात्रीच्या गाडीनं आल्या. नाव स्वरदा. मी जीप घेऊन स्टेशनवर गेलो. उन्हानं सकाळीच डोळे वटारले होते. ड्रायव्हरनं मला विचारलं, "काऊन जी सर, काच लावून घेऊ का?"

"काऊन म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"का."

"अच्छा! गंमतच आहे. जरा रांगडी वाटते ना इथली भाषा?"

"वाटते," मी म्हणालो. मॅडमचा विषय संवेदनशीलता होता, पण ती परदेशासाठी होती.

नाश्त्याला थांबायचं का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, चाचणी माझीपण असेल.

पुष्पांजलीनं घराची तयारी करून घेतली होती. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी जशी शांतता असते तशी ओसरीत होती. तिचे वडील उकंडराव एरवी अनोळखी माणसाचं गाव, आडनाव आणि दूरची सोयरीक चहा उकळायच्या आत काढतात. आज ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"आज ऊन हाये," ते म्हणाले.

"हो ना, खूपच."

"काल बी होतं."

उकंडरावांनी ओसरीबाहेरचं ऊन एकदा बघून घेतलं.

"उद्या बी राहीन," असं म्हणून त्यांनी पाठ टेकली आणि पेपर सोडवून बाहेर आलेल्या पोरासारखं लेकीकडं बघितलं. तिनं मान हलवली.

आई विमलबाई पाणी घेऊन आल्या. "चहा ठेवू का जी?"

"नको, आत्ताच झाला," मॅडम म्हणाल्या. झाला नव्हता. मी स्टेशनपासून सोबत होतो.

"थोडासाक..." विमलबाईंचं पाऊल पुढं पडलं. पुष्पांजलीनं नुसतं बघितलं. पाऊल मागं आलं.

"सर, तुमी?"

"नको, कशाला त्रास," मी म्हणालो. पन्नास वर्षांची सवय. म्हणताक्षणीच कळलं काय झालं ते, पण तोवर विमलबाई आत गेल्या होत्या. हा नियम या घरात मीच आणला होता.

मॅडमनी टॅब काढला आणि प्रश्न सुरू केले. वृद्ध माणूस चिडून बोलला तर? शेजाऱ्यानं गाण्याचा आवाज कमी करायला सांगितलं तर? पुष्पांजली पुस्तकी मराठीत नीट उत्तरं देत होती. आतून पाटोडीच्या रश्श्याचा वास येत होता. बेसनाची पाटोडी, खोबरं आणि कांदा भाजून केलेलं वाटण. त्या वासात प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. मॅडम एक प्रश्न दोनदा विचारून बसल्या.

"आणि एखाद्या आजोबांनी जेवण नाकारलं तर?"

"एकदा विचारायचं. नको म्हणाले तर ताट झाकून ठेवायचं, नोंद करायची. जबरदस्ती करायची नाही."

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या पोटातून आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला आणि सगळ्यांनी उन्हाकडं बघितलं.

बारा वाजून गेले तेव्हा विमलबाई दारात आल्या. "जेवता नं बाई?"

"अहो नको, उगीच कशाला. निघूच आम्ही आता."

विमलबाईंनी दाराची चौकट धरली. त्यांच्या तोंडात जे शब्द आले होते ते मला दिसत होते. असं कसं, घरात शिजलं हाये, उपाशी जाता काय, आमच्या हातचं चालत नाही का. सगळे त्यांनी गिळले. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. 'बरं' म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांनीच पाहुण्यांना हाकललं.

"बाबा, तुमची गोळी झाली, जेवून घ्या," पुष्पांजली म्हणाली. उकंडरावांना शुगर आहे.

"पाहुने बसले अन् म्या जेवू?"

"बाबा."

ते आत गेले, दाराकडं पाठ करून बसले आणि आवाज न करता रस्सा भुरकायचा प्रयत्न केला. ते जमत नाही.

पुष्पांजली नर्स आहे. मॅडमच्या कपाळावरचा घाम आणि उतरलेला चेहरा तिनं माझ्या आधी पाहिला होता. "मॅडम, तुम्हाला काही हवंय का?"

"नाही, नाही."

ती थांबली. तिची बोटं ओढणीशी चाळा करत होती. "ठीक आहे," ती म्हणाली. बिस्किट भरवणारी पोरगी ती हीच.

त्यानंतर मॅडमनी तीन वेळा टॅबवर काहीतरी लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "मला भूक लागली आहे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या ओसरीवर पहिल्यांदाच उच्चारलं असावं. त्यांनाच ते ऐकून दचकल्यासारखं झालं. आतून विमलबाईंचा आवाज आला, "अवं माय! पुष्पे, ताट घे!"

"मलापण," मी म्हणालो, आणखी काही गैरसमज व्हायच्या आत.

पाटोडी, भाकर, कांदा, वर तुपाची धार. आम्ही मान खाली घालून खाल्लं. मॅडमनी सवयीनं ताटावर हात आडवा धरला, "बस, बस." विमलबाईंची पळी हवेत थांबली, आणि परत गेली. मॅडमनी पातेल्याकडं बघितलं. त्यांना अजून हवं होतं. पण एका दिवसात एकदाच खरं बोलणं बहुतेकांना झेपतं.

हात धुऊन त्यांनी टॅबवर शेवटच्या खुणा केल्या. "अभिनंदन. तुमच्यात खूप फरक पडलाय. समोरच्याच्या नकाराचा आदर करता तुम्ही." पुष्पांजलीनं श्वास सोडला. "आता एकच राहिलं, घरच्यांची संमती. तुमच्या शब्दांत तुम्हीच विचारायचं. मी फक्त ऐकणार."

पुष्पांजली वडिलांकडं वळली. "बाबा, जाऊ नं म्या?"

"जाय बापा. इथं जवळ मोताळ्याले देली असती तरी गेलीच असती."

मॅडमनी टॅबवर खूण केली. पुष्पांजली आईकडं वळली. विमलबाई ताटं उचलत होत्या.

"माय, म्या जाऊन राह्यली. तुले काही वाटत नाही नं?"

"नाही," विमलबाई म्हणाल्या.

आणि ताटं हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

हे 'नाही' मला माहीत आहे. आमच्या आळीत ते मी कितीदा ऐकलंय. दुसऱ्यांदा विचारलं की बाई म्हणते, म्हणलं नं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की हातातलं खाली ठेवते, जमिनीवर बसते, आणि मग मनातलं निघतं. गुडघ्यांचं निघतं, बापाच्या शुगरचं निघतं, संध्याकाळी ओसरीत एकटीनं बसायचं काय, हे निघतं. त्यानंतरही लेक जाते. पण ते निघाल्यावर जाते.

पुष्पांजलीलाही ते माहीत होतं. तिनं तोंड उघडलं. मॅडम टॅबच्या वर बोट धरून ऐकत होत्या. पुष्पांजलीनं माझ्याकडं बघितलं. मी शिकवणारा माणूस. मी उन्हाकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली.

विमलबाई आणखी थोडा वेळ उभ्या होत्या. मग आत गेल्या. मोरीत ताटं वाजली, एकेक, सावकाश. मॅडमचं बोट टॅबवर टेकलं.

परतताना जीपमध्ये त्या खुशीत होत्या. पोट भरलं होतं. "आई किती समजूतदार आहेत ना," त्या म्हणाल्या. "एका शब्दात संमती. मी तर घाबरले होते, रडारड होईल म्हणून." मी बाहेरच्या उन्हाकडं बघत राहिलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "सर, तुम्हाला बरं नाहीये का?"

"नाही, काही नाही," मी म्हणालो.

"ओके," त्या म्हणाल्या, आणि काच वर केली.