बरकाच्या गाण्याचा दगड

वाळवंटाकाठच्या द्रा नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात दगड घडवणारी एकच बाई होती, येत्तू. शहरातल्या कलाशाळेतून परतल्यावर तिने बापाच्या रिकाम्या गोठ्यात छिन्नी-हातोडा मांडला. शहरात लोक तिला विचारायचे, एवढी काळी तू, इथली मूळची अमाझिघ कशी? वाळवंटापलीकडची असशील. मग ती अस्सल गावच्या अमाझिघ बोलीत दोन शिव्या हासडायची.

गावाने अहिदूस नाचाचं रिंगण धरतात त्या चौकात शिल्प उभं करायचं ठरवलं. जुनी गाणी म्हणणाऱ्या बायका एकेक करून मातीआड चालल्या होत्या. निदान नवरीच्या स्वागताचं गाणं तरी दगडात टिकावं, असं पंचांच्या मनात आलं. त्यांचा म्होरक्या मोहा स्वतः गोठ्यावर आला, पुदिन्याचा चहा प्याला आणि काम सांगून गेला.

गाणं कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून मात्र कुणी दाखवत नव्हतं. ते रचलं होतं बरकाने. ऐंशीची बरका येत्तूची लांबची मावशी. तिच्या आजीला गुलाम म्हणून या गावात विकत आणलं होतं. पन्नास वर्षं गावातली प्रत्येक नवरी बरकाच्या गाण्यावर उंबऱ्याआत आली, पण लग्नघरच्या जेवणात बरकाचा वाटा बाहेर अंगणातच यायचा.

येत्तूने साघरो डोंगरातला काळा दगड आणवला आणि त्यात बरकाचा चेहरा काढला. रुंद नाक, जाड ओठ, गाण्यासाठी उघडलेलं तोंड. खाली अमाझिघांच्या जुन्या तिफिनाग अक्षरांत गाणं. बरकाला वाचता येत नव्हतं. ती ओळींवर बोटं फिरवायची आणि येत्तू वाचून दाखवायची:

पाणी वरून आलं, खजुरीने त्याला कूळ विचारलं नाही.
तू दारात आलीस, पोरी, आम्ही कोण विचारणार?

"नुसतं ‘पोरी’ नाही," बरका म्हणाली. "‘माझे पोरी’. तू ‘माझे’ गाळलंस."

"जागा उरली नव्हती गं मावशी."

"मग जागा कर. चुकीचं राहिलं तर माझ्यामागे सगळे चुकीचंच म्हणतील."

येत्तूने बारा दिवसांचं काम घासून सपाट केलं आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा कोरायला घेतलं. या वेळी तिने शेवटी आणखी एक ओळ धरली: ‘हे गाणं बरकाचं’.

मोहा बघायला आला. बराच वेळ दगडाभोवती फिरला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला की काम उत्तम आहे, पण चेहरा आपल्या बायकांसारखा हवा. नाक थोडं सरळ, हनुवटीवर गोंदण.

"गोंदण आहे, काका. जवळून बघा. आपल्याच बाईचा चेहरा आहे तो."

मोहा वरमला. "बरं, चेहरा राहू दे. नाव तेवढं काढ. गाणं सगळ्या गावाचं आहे."

"काढते. मग गाणंही काढते. शुक्रवारी तुमच्या नातवाची नवरी यायचीय. तिच्यासाठी दुसरं रचून घ्या."

मोहा निघून गेला. दोन दिवस त्याच्या घरच्या बायकांनी काहीबाही जुळवून पाहिलं. त्यांचं त्यांनाच हसू आलं. तिसऱ्या दिवशी मोहाची बायको राभा बरकाकडे गेली आणि गाणं म्हणायला ये म्हणाली. बरकाने तिला बार्लीची भाकरी आणि खजूर पुढे केले. आजवर तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"दगड चौकात आला की मी येते," ती म्हणाली. "नावासकट."

गुरुवारी राभाने आपल्या तिन्ही मुलांना गोठ्यावर पाठवलं. खजुरीचे ओंडके खाली घालत त्यांनी दगड चौकात नेला. मोहा आला नाही आणि त्याने अडवलंही नाही. शुक्रवारी बरका दगडाशेजारी उभी राहून गायली. आवाज चिरकत होता, तरी एक शब्द सुटला नाही. बायकांच्या रांगेने ओळ झेलली. दोन घरची माणसं मात्र पाठ फिरवून निघून गेली.

पंधरवड्याने कुणीतरी खिळ्याने नाव खरवडलं. येत्तू सकाळीच छिन्नी घेऊन गेली आणि ती ओळ आधीपेक्षा खोल कोरली. हिवाळ्यात पुन्हा तेच झालं, तीही पुन्हा गेली. आता त्या नावात बोटाचं अख्खं पेर बुडतं.