चाळीसचा वेग

ती गाडी हळू होती असं म्हणणं म्हणजे तिची स्तुती झाली. चढ लागला की ड्रायव्हरने खाली उतरावं, झाडाआड जाऊन यावं आणि चालत येऊन पुन्हा स्टिअरिंग धरावं, इतका निवांत कारभार. विनोद करत नाही, मी स्वतः केलंय. विलायतेतल्या थंड, सपाट रस्त्यांसाठी कुणा शहाण्याने ती बनवली असणार. आमचा चढ त्याने चित्रातही पाहिला नसेल. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन दोन सीटच्या मधोमध, वर पत्र्याचं झाकण. झाकणावर डबा ठेवला की दुपारी जेवण गरम. उजवीकडे बसणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचा डावा कान मात्र त्या इंजिनाने खाल्ला. माझाही खाल्ला. सपाटीवर, रिकामी, वारा पाठीशी असेल तर ताशी बत्तीस मैल. ट्रकभर माल असताना चढावर सात.

हे सात लक्षात ठेवा, कारण कंपनीच्या अहवालात चाळीस लिहिलं होतं.

त्याला आता चौतीस वर्षं झाली. गाडी मुळात माझ्या दादाची, म्हणजे कंपनीची, पण चालवायचा तो. त्याचे डोळे अधू झाले तेव्हा त्याने स्टिअरिंग माझ्या हाती दिलं आणि स्वतः ठोकळा घेतला. चढावर गाडी दमून थांबली की मागच्या चाकाखाली हा लाकडी ठोकळा सरकवायचा, कारण हँडब्रेकवर विसंबणारा माणूस फार दिवस जगत नसे. दादा ठोकळा खांद्यावर घेऊन गाडीशेजारून चालायचा. बऱ्याचदा तोच पुढे जायचा आणि वळणावर थांबून आमची वाट बघायचा.

त्या दिवशी मॅनेजरने सात टनांच्या गाडीत बारा टन सिमेंट भरलं. मी भांडलो. "जमत नसेल तर घरी बस," तो म्हणाला. शेवटच्या वळणावर इंजिनाने मान टाकली, बारा टनांना पायाचा ब्रेकही पुरेना, गाडी मागे सरकू लागली, आणि दादा ठोकळा घेऊन चाकामागे धावला. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

अहवालात मॅनेजरने लिहिलं: वजन सात टन, वेग चाळीस, ड्रायव्हर बेफाम, गियर चुकला. चौकशीला बसलेल्या साहेबाने जन्मात ट्रक चालवला नव्हता. ही गाडी कड्यावरून ढकलली तरी चाळीस गाठणार नाही, असं मी टेबलावर मूठ आपटून ओरडलो. "बघा," मॅनेजर थंडपणे म्हणाला, "असा माणूस गाडी कशी चालवत असेल." बाकीचे ड्रायव्हर खाली माना घालून बसले. त्यांना नोकऱ्या टिकवायच्या होत्या.

माझं लायसन गेलं. जाऊ दे, गॅरेजात पाने फिरवून पोट भरलं. पण वहिनीने ते चाळीस खरं मानलं, आणि ते मात्र मी कधी पचवू शकलो नाही. "मी रोज सांगत होते, हळू चालवा," एवढं बोलली आणि त्यानंतर माझ्याशी चकार शब्द नाही. एकाच घरात आम्ही, मधे एक भिंत, नळ एकच. बोलणं पुतण्यामार्फत. "त्यांना सांग, नळ टपकतोय." "त्यांना सांग, खोकला वाढलाय, डॉक्टरकडे जा." माझा खोकला तिला भिंतीपलीकडून कळायचा, पण मी आता नुसता 'त्यांना' होतो. पूर्वी भाऊजी होतो. तिलाही दोष कसा द्यायचा? तरुणपणी मी जेवायलासुद्धा धावत बसायचो. घाई माझ्या अंगात होती, गाडीच्या नाही, हे कागदाला कोण समजावणार.

पुतण्या माइक-स्पीकर भाड्याने देतो. तीन वर्षांपूर्वी एका पार्टीचं काम करून तो घरी आला तो सामानही न उतरवता थेट माझ्याकडे. म्हातारा मॅनेजर तिथे पाहुणा होता. आपल्या टेबलावरच्या चार मित्रांना त्याने गोष्ट सांगितली, की चढावर सातच्या वर न जाणारी गाडी आपण चाळीसने पळवली होती, कागदावर! मित्र पोट धरून हसले.

"काका, चला, त्याचं तंगडं मोडू."

"तंगडं डॉक्टर जोडून देतो," मी म्हटलं. "जरा दम धर." हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो.

पुतण्याने आईलाही ते सांगून पाहिलं. तिने शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. "तुझ्या काकांनीच पढवलं असेल," म्हणाली. तेव्हाच मी ठरवलं. तिने ते मॅनेजरच्याच तोंडून ऐकायचं, आणि त्याच चढावर.

भंगारात मला आमच्या गाडीची बहीण मिळाली, तोच साचा, तेच इंजिन. सीटखाली कोंबडीने संसार थाटला होता. तीन वर्षं मी तिच्या अंगावरचा गंज खरवडला. इंजिन सुटं करून जोडलं, पायाचा ब्रेक नवा केला, पत्रा रंगवला. सगळं दुरुस्त केलं, हँडब्रेक सोडून. तो जाणूनबुजून तसाच ठेवला.

मग जुन्या गाड्यांच्या क्लबाने त्या चढावर फेरी ठरवली. प्रमुख पाहुणा कोण, तर 'वाहतूक क्षेत्रातलं जुनं जाणतं व्यक्तिमत्त्व', म्हणजे आमचा मॅनेजर. मीच सुचवलं, पाहुण्यांना माझ्या गाडीत बसवा, त्यांना जुने दिवस आठवतील. मागे सात टन वाळू भरली. बारा नाही, मी मॅनेजर नव्हे.

तो सूट घालून आला, काठी टेकत. मला ओळखलं नाही. ड्रायव्हरांच्या तोंडाकडे त्याने पूर्वीही कधी पाहिलं नव्हतं. इंजिन सुरू झालं तसा तो लहान मुलासारखा खुलला.

चढ लागला. इंजिन कण्हू लागलं, झाकण तापलं, केबिनमधे कानठळ्या बसायला लागल्या. त्या केबिनमधे हळू बोलता येतच नाही. 'पाणी दे' म्हणायलासुद्धा बोंब मारावी लागते, आणि काही वेळाने आपण बोंबलतोय हेच माणूस विसरतो. माझा सगळा डाव त्यावरच होता.

"वेग किती, साहेब?" मी ओरडलो.

त्याने काट्याकडे पाहिलं. "सात!" तो खदखदून हसला. "अहो, बैल पुढे जायचे हिच्या!"

"चाळीस गाठेल का?"

"या चढावर? हिच्या बापजन्मात नाही!"

शेवटचं वळण दिसलं. कठड्यालगत पन्नासेक माणसं, आणि मधे खुर्चीवर वहिनी. पुतण्याने तिला थंड हवा खायला म्हणून आणलं होतं. त्या अपघातानंतर ती इथे पहिल्यांदाच येत होती, आणि जागा ओळखून ताठ बसली होती.

"एकाने नेली होती म्हणे चाळीसने," मी ओरडलो. "माणूस गेला होता त्यात."

क्षणभर मला वाटलं, आता हा गप्प बसणार. पण कौतुक करून घ्यायची सवय वाईट असते. तो माझ्या बाजूला झुकून सांगू लागला.

डिझेल इंजिन चावीने बंद होत नाही. स्टॉपर ओढून तेल तोडावं लागतं, आणि मग तीन आकडे मोजेपर्यंत ते धडपडून मरतं. वहिनीच्या खुर्चीसमोर येताच मी स्टॉपर ओढला आणि ब्रेकवर पाय रोवला. एक. दोन. तीन.

"... बारा टन मीच भरलेलं! ड्रायव्हर बिचारा सातनेच चालला होता! चाळीस मी लिहिलं, मी!"

इंजिन मेलं होतं. त्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. 'मी' हा शब्द सगळ्यांनी दोनदा ऐकला. म्हाताऱ्याने एकदा लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. ओळख पटताना त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मला इतकं बरं वाटलं की त्याची मला लाजही वाटली नाही.

"हँडब्रेक धरत नाही, साहेब," मी म्हटलं. "तेव्हाही धरत नव्हता. गाडी माझ्या पायावर उभी आहे. ठोकळा लावायला कुणीतरी उतरलं पाहिजे."

पुतण्याने त्याच्या बाजूचं दार उघडलं. हातात ठोकळा होता. म्हाताऱ्याने पन्नास तोंडांकडे पाहिलं. त्याच्या बाजूने एकही उघडलं नाही. तो उतरला, पुतण्याने ठोकळा त्याच्या हातात दिला, आणि काठी टाकून तो मागच्या चाकाकडे गेला.

आरशात मला तो दिसत होता. सूट घालून गुडघ्यांवर, सात टनांच्या मागे, दादा होता तिथेच. पाय नुसता हलका करायचा होता. कुणी म्हणालं असतं, म्हातारा ड्रायव्हर, जुनी गाडी, चूक झाली. अहवाल लिहिणं काय अवघड असतं?

वहिनी उठली. चालत माझ्या खिडकीपाशी आली, उजव्या, म्हणजे माझ्या चांगल्या कानाशी. माझ्या गुडघ्याकडे पाहत तिने मागे उभ्या असलेल्या पुतण्याला आवाज दिला, "त्यांना सांग, पाय घट्ट ठेवा."

मी पाय घट्ट ठेवला. चाकापाशी लाकूड टेकल्याचा आवाज आला. म्हातारा धापा टाकत उठायला लागला.

वहिनी दोन पावलं मागे गेली, कमरेत वाकून चाकाखाली तिने नीट निरखलं, आणि परत खिडकीशी आली. डोळे भरले होते, पण आवाज शिवणयंत्राच्या सुईसारखा सरळ.

"वाकडा लावलाय," ती म्हणाली. "काढून परत लावायला सांगा, भाऊजी."