दोन्ही अंगांनी सोल्युशन

फ्रिजच्या दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, फाटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर येणारी मुंबईची मंडळी उज्वलाकडेच उतरणार होती. तिचा नवरा अरविंद नवं गॅस्केट घेऊन आला, सोबत सोल्युशनची ट्यूबही. चपलेपासून चष्म्यापर्यंत घरातलं सगळं या माणसानं कधी ना कधी चिकटवलेलं.

उज्वलानं सांगून पाहिलं, की रबर खाचेत दाबलं की बसतं, त्याला काही लावावं लागत नाही. नुसतं दाबलेलं टिकतं कुठे, असं म्हणत त्यानं रबराला दोन्ही अंगांनी सोल्युशन फासायला घेतलं.  तिनं ताकाचं पातेलं आणि कलिंगड गुपचूप बाहेर काढून ओल्या फडक्याखाली ठेवलं. अरविंदच्या आवडीचं श्रीखंड तेवढं आत राहू दिलं. रबर बसवून अरविंदनं दार गच्च लावलं.

दुसऱ्या दिवशी दीर नागसेन उन्हातून आला आणि त्यानं गार पाणी मागितलं. अरविंद ऐटीत उठला. दार ओढलं, तर फ्रिजच पुढे सरकला. नागसेन मदतीला धावला. एक ओढतोय, दुसरा मागून धरतोय, असं करत फ्रिज उंबऱ्यापर्यंत आला, दार मात्र हललं नाही.

उज्वला मंडळींना ताक वाढत होती. "अहो, मिरवणूक कुठवर नेणार?" तिनं शांतपणे विचारलं. नागसेन हसता हसता खालीच बसला.

शेवटी सुरी फिरवून दार सोडवलं. गॅस्केटच्या चिंध्या झाल्या.

पाहुणे गेल्यावर उज्वलानं दुसरं आणलं, कोमट पाण्यात मऊ केलं आणि खाचेत बोटांनी दाबत नेलं. तीन कोपरे झकास बसले. चौथ्याला खाचेची कड तुटलेली. रबर दाबलं की पुन्हा वर येई. तिनं खूप खटपट केली. हसं होणार हे कळत होतं, पण इलाज नव्हता.

"ती ट्यूब द्या," ती म्हणाली.

अरविंदचा चेहरा उजळला.

"एवढ्या कोपऱ्यालाच. एकच थेंब. आणि वाळेपर्यंत दार उघडं."

तो खुर्ची टाकून उघड्या दाराशी राखणीला बसला. थोड्या वेळानं त्यानं नागसेनला फोन लावला. सोल्युशनशिवाय काम अडलंच, शेवटी तुझ्या वहिनीनं स्वतः मागून घेतलं, असं तो रंगवून सांगत होता. किती लागलं ते मात्र सांगत नव्हता.

उज्वलानं ऐकलं आणि त्याला सांगू दिलं.