शेवटचं पान डोळे मिटून

चिकटपट्टीचं एक टोक नखाएवढं सुटलं होतं आणि मघापासून तिचा अंगठा त्याच टोकावर फिरत होता – उचलायचं, दाबून बसवायचं, पुन्हा उचलायचं... पारदर्शक पिशवीच्या आत, चित्रकथेच्या जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावर, कप्तान तसाच उभा होता, लाल कोट, एक पाय कालयंत्राच्या पायरीवर, मागे त्याची धाकटी बहीण, आणि दोघांच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत – ‘अखेरचा प्रवास’. पंचेचाळीस वर्षांत लाल रंग थोडा विटला होता, बाकी सगळं जागच्या जागी. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत आलेल्या बाईला पानं मोजावी लागत नाहीत. अंक पुरा होता, अगदी शेवटच्या पानासकट.

“उघड की,” दादा म्हणाला. “मी आणल्यापासून हात लावलेला नाही. माझ्या हातून फाटला तर तूच माझा जीव घेशील.”

तो खिडकीशी स्टुलावर बसला होता, शेजारी पाठ निखळलेल्या शब्दकोशांचा ढीग. चित्रकलेचा मास्तर, महिनाअखेरीला निवृत्त होणार, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा सोडून हे घेऊन धावत आलेला. एवढा खूश तो कितीतरी दिवसांत दिसला नव्हता. त्याला ठाऊक नव्हतं शेवटच्या पानावर काय आहे. दोघांत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तेव्हा ती नऊ वर्षांची, तो बाराचा. दर महिन्याला एक अंक. रिकामं खोकं हेच त्यांचं कालयंत्र, त्यात दोघं मांडी घालून बसायची, छत्रीची मूठ खाली ओढली की कधी हजार वर्षं मागे, कधी दोन हजार पुढे – आणि नियम एकच, तोही दादाचा : शेवटचं पान एकट्याने वाचायचं नाही. एकाने शब्द वाचायचे, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं, चित्रं नंतर. हा अखेरचा अंक आला त्या दिवशी ती तापाने घरी होती, तो शाळेत. तिने नियम मोडला... यंत्रात एकच जागा उरलेली. कप्तान आत. धाकटी बाहेर, ओसाड माळावर. शब्द तिने वाचलेच नाहीत, डोळ्यांत पाणी आल्यावर वाचणार कसे? तिला एवढंच कळलं की भाऊ बहिणीला टाकून जाऊ शकतो, तसं छापूनही येतं, आणि आता संध्याकाळी दादाही ते वाचणार. तिने पान फाडलं, तुकडे केले, मोरीत घातले.

मग थापा. अंक असाच आला, पान नाहीच. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे पुरा आहे, मी वाचला – कप्तान जात नाही, दोघंही तिथेच राहतात. मैत्रिणीचा अंक आण म्हणाला तर, ती गाव सोडून गेली. आठवडाभरात त्या अंकाचं पहिलं पानही सुटून आलं, कारण पानं जोडीने असतात, एक फाडलं की त्याचा जोडीदार सैल होतो. दादाने ते खळीने चिकटवलं आणि दुकानदाराला मनसोक्त शिव्या दिल्या.

एवढ्यावर निभावलं असतं तर आज ती हसली असती. पण तो बावीस वर्षांचा असताना दूरच्या शहरातल्या एका चित्रशाळेचं प्रवेशाचं पत्र आलं. वडील नुकतेच गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली. त्याने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि हसत म्हणाला, “दोघंही इथेच. कप्तानासारखं.” तेव्हा सांगता आलं असतं. ती दारातच उभी होती, हातात आईची औषधाची वाटी. ती गप्प राहिली. घाबरून नव्हे... तिला तेच हवं होतं. त्याने त्या चित्रशाळेचं पुन्हा नाव काढलं नाही, आणि हे गप्प राहणं तिला फाडलेल्या पानाहून जड गेलं.

“लेकीचा परत फोन आला होता,” दादा बोटांनी शब्दकोशावर ताल धरत म्हणाला. “तुझी वहिनी गेल्यापासून एकच लकडा लावलाय – इकडेच या, बाळाला आजोबा हवेत. आज संध्याकाळी तिकीट काढते म्हणतेय.”

“मग?”

“मग काय, नाही म्हणणार. तुला एकटीला सोडून कुठं जाऊ, ठमे?”

ठमे. चौपन्न वर्षांची ठमी. हे तो इतक्या सहज म्हणाला की तिला त्याचा रागच आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण रागाच्या खाली, अगदी तळाशी, बरं वाटलं होतं.

खळीची वाटी लवंडावी का? चूक झाली म्हणता येईल. कागद जुना आहे, दाबाखाली ठेवू, उद्या बघू म्हणावं... उद्यापर्यंत तो लेकीला नाही म्हणून मोकळा होईल. किंवा पुन्हा तीच थाप वाचावी – पण मग तो चित्र बघणार.

“वाच,” त्याने सरळ बसून डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर. टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, आणि चेहरा बारा वर्षांचा. “आधी शब्द.”

पट्टी सुटली. तिने थेट शेवटचं पान उघडलं. चित्र तसंच होतं. यंत्र, माळ, आत कप्तान, बाहेर धाकटी. फक्त यंत्र सुरू करायचा दांडा – तो आत नव्हता. तो बाहेर होता आणि धाकटीच्या मुठीत होता. ती रडतही नव्हती, गाडी सुटायला आली तरी उगाच रेंगाळणाऱ्यावर वैतागावं तशी त्याच्यावर वैतागली होती. तिच्या बोलण्याच्या फुग्यात चारच शब्द : ‘जा. इथलं मी बघते.’

तिने ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा. टाकून कुणी गेलंच नव्हतं... पंचेचाळीस वर्षं ती त्या माळावरच्या मुलीसाठी रडली होती आणि त्या मुलीचा हात कुठे आहे हे तिने पाहिलंच नव्हतं.

“वाचतेयस ना?” डोळे मिटूनच त्याने विचारलं.

“हो... हो, वाचते.”

आता थाप पकडली जाण्याची भीती उरली नव्हती. भीती ह्या चार शब्दांची होती. ते तिच्याच आवाजात म्हणायचे होते, आणि दादाला तो आवाज पाठ होता. ते मनापासून आले नाहीत तर त्याला तत्क्षणी कळणार होतं, आणि तो राहणार होता.