मास्तरांच्या सात वह्या

पंडितबाईंनी एम.ए.ला ज्यू अभ्यास हा विषय घेतला, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. पंडितबाई हे नाव भावानं ठेवलेलं, अर्थातच चिडवायला. मावशी तर भेटेल तेव्हा विचारायची, हे शिकून पुढे करणार काय? तिनं मनावर घेतलं नाही. दोन वर्षं डोळे फोडून उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचायला शिकली, आणि प्रबंधाची वेळ आली तेव्हा तिच्या हाती घबाड लागलं.

घबाड म्हणजे सात वह्या. प्रार्थनाघरात मुलांना शिकवणाऱ्या एका मास्तरांनी चाळीस वर्षं बायकांच्या तोंडची देवाची गाणी उतरवून ठेवली होती. बोली घरातली, अक्षरं हिब्रू. मास्तर गेले, त्यांच्या ज्यू समाजाचे लोक एकेक करून गाव सोडून गेले आणि वह्या त्यांच्या बायकोच्या, मास्तरीणबाईंच्या कपाटात राहिल्या. त्यांना स्वतःला ती अक्षरं वाचता येत नव्हती.

पहिल्याच भेटीत फोटो काढून मोकळं व्हावं, हे कुणालाही सुचलं असतं. पण मार्गदर्शक बाईंचा दंडक होता, विद्यापीठाच्या समितीची परवानगी हातात येईपर्यंत एकही फोटो काढायचा नाही. पंडितबाई पडल्या आज्ञाधारक. त्यांनी सातही वह्या नुसत्या चाळल्या आणि परत ठेवल्या.

त्याच दिवशी मास्तरीणबाईंनी मनातली काळजी बोलून दाखवली. माझ्यामागे भाचा हे सगळं रद्दीत घालेल, म्हणाल्या. मग काय, पंडितबाईंना चेवच आला. देवाचं नाव लिहिलेला कागद तुमच्यात फेकत नाहीत, माणसासारखा दफनभूमीत पुरतात. पेटीही लागत नाही, सुती कापड पुरतं, असं तिनं पुस्तकासारखं सांगितलं. ही रीत फक्त जीर्ण होऊन निकामी झालेल्या कागदांसाठी असते, एवढं सांगायचं मात्र राहिलं. लहानपणी ऐकलेलं आठवून म्हातारीचे डोळे भरून आले. पंडितबाई खुशीत घरी गेल्या.

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर दोन महिने फिरला. शेवटी शिक्क्याचा कागद घेऊन ती धावत आली, तर कपाट रिकामं.

"पुरल्या गं, दीड महिना झाला, मास्तरांच्या पायाशी," मास्तरीणबाई समाधानानं म्हणाल्या. "तू सांगितलंस तश्शा, कापडात गुंडाळून. तुझं बघून झालंच होतं ना?"

बाहेर जाऊन तिनं मार्गदर्शक बाईंना फोन लावला. वह्या नाहीत तर विषय नाही, आणि प्रबंध द्यायला उरलेत तीन महिने, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. उकरायचं म्हटलं तरी दीड महिना ओल्या मातीत कापडाआड कागद कसला टिकतो? आणि म्हातारीला ते कुठल्या तोंडानं सांगायचं? तिला रडूही येईना.

मास्तरीणबाई चपला घालून दारात आल्या. पुरताना स्तोत्र म्हणायला कुणीच नव्हतं, वाचता येणारं आता उरलंय कोण, असं म्हणत त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक तिच्या हातात दिलं. ती निमूटपणे मागोमाग गेली.

दफनभूमीत मास्तरांच्या कबरीच्या दगडापाशी उकरलेल्या मातीचा लहानसा उंचवटा होता. त्याच्यापुढे उभं राहून तिनं एकही अक्षर न चुकता सगळं स्तोत्र वाचलं.

"शिकलीस त्याचं चीज झालं, बाळा," मास्तरीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या.

तिनं मान हलवली. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.