तुझे लोक

रुप्याचं ते पदक... स्पेनच्या राजाचं नाक त्यावर इतकं झिजलं होतं की तो आता कुणाचाही राजा वाटला असता. नोकोसी बोलला की ते छातीवर हलायचं, आणि फुस्वाला वाटायचं, हा आपला धाकटा भाऊ, मस्कोगींच्या या गावाचा मिको, म्हणजे मुखिया, आणि हा परका म्हातारा याच्या गळ्यात किती सवयीनं झोपलाय!

समोर प्रुइट बसला होता. अमेरिकनांचा माणूस, जॉर्जियाहून आलेला. नाकाची सालं निघालेली, बूट फाटलेले. त्याच्यापुढे मक्याची आंबट पेज ठेवून फुस्वा दोघांच्या मधे बसली. गावात इंग्रजी तिलाच चांगली यायची — निनियनमुळं. निनियन तिचा नवरा, पेन्साकोलाच्या स्पॅनिश बंदरातून बंदुकीची दारू आणून विकणारा स्कॉट. गेल्या हिवाळ्यात तापानं गेला. माणूस गेला, भाषा मागं राहिली...

"हे पदक उतरवा, आमचं घाला," प्रुइट म्हणाला. "स्पेनचा राजा समुद्रापलीकडे. आम्ही शेजारी."

तिनं ते भावाला सांगितलं. तो हसला. "शेजारी विचारून अंगणात येतो म्हणावं. आणि ताई, विचार की तुझ्या लोकांना, ओकोनी नदीच्या अलीकडं, आपल्या रानात, गुरं कुणी घातली?"

तुझ्या लोकांना.

सहज बोलला तो. इंग्रजीत सांगताना तिनं ते दोन शब्द गिळले — पण गिळलेलं घशातच राहिलं. याला कडेवर घेऊन मीच नदीत उतरायचे ना? दोघं एका आईची, वाऱ्याच्या कुळातली... मग माझे लोक कोण? पेन्साकोलाचे, की या फाटक्या बुटांचे? आणि मघाशी त्या सोललेल्या नाकाची कीव का आली मला?

"आम्ही आमच्या माणसांना थांबवू," प्रुइट म्हणाला. "जमेल तितकं."

जमेल तितकं. निनियन अस्संच म्हणायचा, खाली बघत, दारूची पिंपं येणार नाहीत हे पक्कं ठाऊक असताना. नुसते शब्द सांगितले तर नोकोसी कदाचित मानेल, चौकात बसलेली तरणी पोरं गप्प राहतील. अर्थ सांगितला तर — नदीकाठची घरं पेटतील, आणि त्यांतली काही आपली असतील.

"थांबवू म्हणतोय, जमेल तितकं," ती म्हणाली. "म्हणजे नाही."

"कशावरून?"

"मला कळतं ते."

"म्हणून तर तुला बसवलं." नोकोसी उठला, चौकाकडं वळून त्यानं नकाराचा हात हलवला.

"काय सांगितलंस त्याला?" प्रुइटनं विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच."

तो न खाताच घोड्यावर बसला. चौकाकडून पोरांच्या आरोळ्या यायला लागल्या.

"बंदुकीच्या दारूसाठी पेन्साकोलाला माणूस धाडतो," नोकोसी म्हणाला.

"ते फुकट देणारेत वाटतं?"

"ते निदान लांबून मागतात, ताई." आणि तोही गेला.

ती तशीच राहिलेली पेज घेऊन उभी राहिली. बसली. पुन्हा उठली. माझे लोक म्हणे! तुझी जीभ जळो, नोकोसी, तुझी — मनातल्या मनात ती त्याला शिव्या घालत राहिली, एकामागून एक, अगदी तोंडभरून, आणि बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की त्या सगळ्या इंग्रजीत होत्या. तिनं मस्कोगीत एक शोधली. ती लगेच आठवेना.